पंखा बंद पडला की जाग येते

आमच्याकडे जानेवारीतसुद्धा पंखा चालू असतो. अंगावर गोधडी, पायात मोजे आणि वर पंखा चार नंबरवर. मुक्कामाला आलेलं कुणीही हमखास विचारतं की अगं थंडी वाजतेय तर तो पंखा बंद कर ना, आणि मग मला सांगावं लागतं की तो वाऱ्यासाठी नाहीये, आवाजासाठी आहे, त्याशिवाय मला झोप येत नाही. यावर लोक "बरं" म्हणतात. ज्या सुरात म्हणतात तो सूर मला आता पाठ झालाय.

त्यामुळे गेल्या वर्षी मी ऑनलाइन व्हाइट नॉइज मशीन मागवलं तेव्हा घरात फार कुणाला धक्का बसायला नको होता, पण नवऱ्याने बॉक्स फोडला आणि हातातल्या त्या पांढऱ्या वाटीएवढ्या डबीकडे बघत म्हणाला, "म्हणजे हे आवाज करतं? एवढंच? घोडबंदर रोडला राहून तू आवाज विकत घेतलास?"

आता याच्यावर काय बोलणार.

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडवर वाघबीळच्या बाजूला अकराव्या मजल्यावर राहतो. ब्रोशरमध्ये "येऊरच्या कुशीत" असं छापलेलं आणि ते अगदीच खोटं नव्हतं, किचनच्या खिडकीतून डोंगर दिसतो खरा, पण बेडरूम पुढच्या बाजूला आहे आणि पुढच्या बाजूला रस्ता आहे. दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे न्हावाशेवाकडून गुजरातला जाणारे ट्रेलर रात्री धरण फुटल्यासारखे एकदम सुटतात. त्यात कित्येक वर्षं मेट्रोचं काम, आणि गर्डर चढवायचे म्हणजे रस्ता बंद करायचा म्हणजे तेही रात्रीच. त्यात पाण्याचे टँकर. आमच्याच सोसायटीचा टँकर रात्री दीड-दोनला येतो आणि रिव्हर्स घेताना जे पीं पीं पीं लावतो ते ऐकून आधी चिडायला होतं आणि मग लगेच वाटतं, बरं झालं आला बाबा, उद्या पाणी आहे.

गंमत अशी की मी शांततेत वाढलेली बाई नाहीये. माझं माहेर ठाणे ईस्टचं, कोपरीचं, रुळांना लागून चाळ. इतकी लागून की फास्ट लोकल गेली की फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली पॅसेंजर गाडी आली असं शाळेत शिकवलं तेव्हा आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना वाटलं असणार की ती तेव्हापासून थांबलेलीच नाही. रात्री एकनंतर शेवटची कर्जत जायची, मग मधेच एखादी मालगाडी, मग पहाटे परत सुरू. आणि आम्ही सहा माणसं दहा बाय बाराच्या खोलीत ओळीने मेल्यासारखी झोपायचो.

मग आता काय झालं? वय झालं हे आहेच. फोन आहे, कामाचं टेन्शन आहे, पेरिमेनोपॉज आहे (म्हणजे पाळी जायच्या आधीचा काळ; हा शब्द आमच्या आईच्या पिढीला ठाऊक नव्हता, त्या नुसतं "अंग तापतंय" म्हणायच्या). पण मी बरेच महिने रात्री जागून जागून यावर विचार केलाय, आणि मला ते चाळीतले लाईट जायचे दिवस आठवत राहतात.

२००५-०६ च्या आसपास जे भारनियमन असायचं ते ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री लाईट गेली की अख्खी चाळ उठायची. दारं उघडायची, कुणीतरी "गेली का तुमची पण?" विचारायचं, जशी काही एकट्या आपलीच जाऊ शकते, मग गॅलरीत चटया पडायच्या. सगळे म्हणायचे उकाड्याने जाग आली. पण नीट आठवून बघा, उकाडा व्हायला दहा मिनिटं लागतात. जाग त्याच्या आधीच यायची. पाती अजून फिरत असायची आणि आपण डोळे उघडून वर बघत असायचो. आपल्याला उठवायचा तो थांबलेला आवाज.

बाबांचंही तेच. ते वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत कंप्रेसर रूमला होते, सत्तावीस वर्षं. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागायचं. नाईटला स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागायची म्हणतात, आणि कंप्रेसर बंद पडला रे पडला की ताडकन उभे. सुपरवायझर येऊन खेकसला तर इतकी पटकन जाग यायची नाही म्हणे.

हे मशीन कसं काम करतं याबद्दल मी नंतर बरंच वाचलं, आणि वाचताना मला सतत तो पंखाच दिसत होता. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना झाकणं नाहीत. झोपेत कान चालूच असतात. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस म्हणून जो भाग आहे तो आत येणारे बरेचसे आवाज वेशीवरच अडवून ठेवतो. झोपेच्या ग्राफमध्ये मधेमधे छोट्या भरभर लहरींचे झुबके दिसतात, त्यांना स्पिंडल म्हणतात, आणि २०१० मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्यात हे झुबके जास्त त्यांची झोप आवाजाने सहज मोडत नाही. म्हणजे नवऱ्याकडे त्याचे गठ्ठे असणार. तर हा जो वेशीवरचा पहारेकरी आहे त्याला आवाज मोठा की लहान याच्याशी तेवढं देणंघेणं नसतं, मघाशी होतं तसंच चालू आहे ना, एवढंच तो बघतो. तसंच असेल तर झोपू दे. बदललं तर उठव.

माझ्या मोबाइलवर डेसिबल मोजायचं एक ॲप आहे, ते काही लॅबचं नाही, पण अंदाज येतो. खिडकी लावून, पंखा बंद करून रात्री तीनला आमच्या खोलीत साधारण अडतीस दाखवतं. ट्रेलरने ब्रेक मारला की साठ. म्हणजे बावीसची उडी, आणि डेसिबलचा हिशोब सरळ बेरजेचा नसतो, दहा वाढले की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला साधारण दुप्पट वाटतो. आता मशीन लावून खोलीच अठ्ठेचाळीसवर नेऊन ठेवली तर ट्रेलर तोच, साठच, पण उडी बाराची उरते. ट्रेलर कुठे गेला नाही, फक्त मधला खड्डा भरला गेला. (आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यानुसार राहत्या वस्तीत रात्री दहा ते सहा मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे माझ्या बेडरूममध्ये मी स्वतःच बेकायदेशीर आहे. ते नियम बाहेरच्या आवाजाला असतात हे माहितीये, पण बाहेर तर बोलायलाच नको.)

व्हाइट का म्हणतात तर पांढऱ्या प्रकाशात जसे सगळे रंग असतात तसं यात २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत सगळ्या पट्ट्या, सगळ्या सारख्याच जोराने. ऐकायला श्श्श्श. शिट्टी व्हायच्या आधीची कुकरची वाफ, किंवा आमच्या लहानपणी टीव्हीवरचे कार्यक्रम संपले की मुंग्या यायच्या, तो आवाज. याच जातीचे पिंक आणि ब्राऊन नॉइजही असतात. पिंकमध्ये जाडे आवाज जास्त आणि बारीक कमी, ब्राऊनमध्ये ते अजून जाडे, धबधब्यासारखे. ब्राऊन हा मुळात रंगच नाहीये बरं का, रॉबर्ट ब्राऊन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, त्याने १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले बारीक कण उगाचच थरथरताना बघितले, त्याचं नाव. मला ब्राऊन आवडतो. व्हाइट जरा टोचतो.

आणि हे यंत्र आलं कुठून, तर ते वाचून मला हसूच आलं. १९६२ साली अमेरिकेत जिम बकवॉल्टर नावाचा एक फिरता सेल्समन होता, तो आणि बायको एका मोटेलमध्ये उतरले, तिथल्या एसीची घरघर होती आणि त्या घरघरीत बायकोला इतकी छान झोप लागली की घरी आल्यावर तिला झोपच येईना. मग त्याने मोटर घेतली, पंख्याची पाती घेतली, त्यावर झाकण घातलं. म्हणजे पंखाच की! अजूनही काही मशीन तशीच येतात, आत खरा पंखा असलेली. मी घेतलं ते इलेक्ट्रॉनिक, रेकॉर्डिंगवालं, कारण तेव्हा मला हा फरक माहीत नव्हता. तो फार महागात पडला.

झालं काय, पहिल्या रात्री मी "रेन" लावला. सुंदर. पत्र्यावर पडल्यासारखा पाऊस, माझी तर चाळच परत आली. दुसऱ्या रात्रीही मस्त. तिसऱ्या रात्री मला एक थेंब ऐकू आला. बाकी सगळ्या पावसातून वेगळा, टुप्पकन. मग काही वेळाने परत टुप्प. मग मी मोजायला लागले. दर त्रेचाळीस सेकंदांनी. रेकॉर्डिंग तेवढंच होतं आणि तेच फिरून फिरून लागत होतं. एकदा का तो थेंब कळला की संपलं, मी बेचाळीसपर्यंत मोजत श्वास रोखून पडलेली आणि नवरा शेजारी स्पिंडल काढत पडलेला.

बाबांनी तर पावसाला पहिल्याच दिवशी नापास केलेलं. बाबा आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात, शेजारच्या खोलीत. मी कौतुकाने त्यांना बोलावून ऐकवलं. त्यांनी हात मागे बांधून दोन मिनिटं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "हा कुठला पाऊस? याच्यात एक बेडूक नाही."

शेवटी मी साध्या घुमणाऱ्या ब्राऊन नॉइजवर स्थिरावले. आणि खोटं कशाला बोलू, झोप लागायला लागली. टँकर येऊन गेलेला सकाळी मेसेजवरून कळायला लागला. शास्त्र म्हणाल तर ते या बाबतीत माझ्याइतकं उत्साही नाहीये, २०२१ मध्ये अशा ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष असा की आवाजाने झोप सुधारते याचा पुरावा फारच कमकुवत आहे, उलट मेंदूला रात्रभर असा मारा नकोही असू शकतो. मी ते वाचलं, आवाज दोन घर कमी केला आणि झोपले.

आमच्या मजल्यावर एक नवी बाळंतीण आहे, तिलाही कुणीतरी हे मशीन भेट दिलं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, याला मशीन कशाला, आम्ही नुसतं कानाशी श्शू श्शू करायचो. बरोबरच आहे त्यांचं, तेच आहे ते. १९९० मध्ये नवजात बाळांवर याचा प्रयोग झालाय, वीस-वीस बाळांचे दोन गट, व्हाइट नॉइज ऐकवलेल्यांतली ८० टक्के बाळं पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्यांतली २५ टक्के. फक्त तिला मी एक सांगितलं की ते पाळण्याला लटकवू नकोस. २०१४ मध्ये बाळांसाठीची अशी १४ यंत्रं तपासली होती, ३० सेंटिमीटरवरून फुल आवाजात त्यातली तीन ८५ डेसिबलच्या वर गेली, आणि तेवढ्या आवाजात आठ तास बसणं मोठ्या माणसांच्या कानांनासुद्धा धोक्याचं मानतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हळू, आणि झोपलं की बंद. सासूबाई म्हणाल्या, "बघ, तोंडाने केलं की आपण दमतो, आपोआप बंद होतं."

तर सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "रात्री पायात वांब आला होता गं. चांगलाच धरला पोटरीला."

मी म्हटलं, "मग मला हाक का नाही मारलीत?"

"मारली की. दोनदा मारली. मग म्हटलं झोपली असेल." आणि बशीत चहा ओतला.

त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, स्वतःच चोळला पाय, उठून चार फेऱ्या मारल्या, गेला वांब. पण त्यानंतर मला ऑफिसमध्ये दिवसभर काही सुचेना. दोनदा मारली. त्यांची खोली आणि माझी खोली यात एक भिंत आहे. आणि त्या भिंतीच्या अलीकडे मी पैसे देऊन एक गोष्ट लावली होती जिचं कामच मुळी हे होतं की अचानक आलेला आवाज माझ्यापर्यंत पोचू नये. तिने काम चोख केलं. तिला काय कळणार की ट्रेलर कोण आणि बाबा कोण.

मला आई आठवली. चाळीत नळाला पाणी पहाटे चारच्या सुमारास यायचं आणि वेळ कधीच नक्की नसायची, साडेतीन, सव्वाचार, कधीही. आई रात्री नळ उघडा सोडून त्याखाली पातेलं उपडं घालून झोपायची. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, फुस्स्स करून, नंतर थेंब पातेल्यावर वाजायला लागतात. पातेलं आम्हाला उठवायला होतं. आई पातेल्यापर्यंत थांबायचीच नाही, ती त्या फुस्सलाच उठून बसायची. डोक्यावरून मालगाडी गेली असती तरी हललीही नसती ती बाई. पण नळाची ती बारीकशी फुस्स, जी खरं तर आमच्या मशीनच्या आवाजाचीच सख्खी बहीण, ती ऐकून ती उठायची, आणि आमच्यापैकी कुणी तापाने कण्हलं तर त्याने उठायची, आणि बाबा नाईटवरून येताना जिन्यात त्यांच्या चपलेचा आवाज आला की त्याने. कडी वाजवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

मला वाटायचं हे फक्त आयांचं असतं, काहीतरी आतडं वगैरे. पण १९६० मध्येच ब्रिटनमधल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवून बघितलीये, आणि इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला झोपेतला मेंदू जास्त उसळून उत्तर देतो असं त्यांना दिसलं. म्हणजे वेशीवरचा तो पहारेकरी नुसता आवाज बदलला का एवढंच बघत नाही, त्याच्याकडे एक यादी असते. कुणाला आत सोडायचं याची. आईच्या यादीत नळ होता, आम्ही होतो, चपला होत्या. रेल्वे नव्हती. माझ्या यादीत काय आहे? मला भीती वाटते की फोनचं व्हायब्रेशन आहे. मशीन लावूनही ते मात्र मला ऐकू येतं.

आणि मग हेही कळलं की मी रात्री जागी का राहते. या बारा वर्षांत घोडबंदर रोडचा एकही आवाज माझ्या ओळखीचा झालेला नाही. कोपरीला मला आवाजावरून कळायचं की ही स्लो, ही फास्ट, ही मालगाडी, आता साडेबारा झाले, आता जोशीकाकांचा खोकला, आता दूधवाल्याची किटली. इथला प्रत्येक आवाज अनोळखी माणसाने दार वाजवल्यासारखा. पहारेकरी बिचारा दर वेळी उठून बघून येतो. दमलाय तो.

नवऱ्याने सुचवलं की बाबांना वायरलेस बेल देऊ, बटण दाबलं की आपल्या खोलीत वाजेल. आणली. बाबांनी ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पासबुकांच्या खाली ठेवली. "मी काय साहेब आहे का बेल वाजवायला." मग मी देवघरातली छोटी घंटा ठेवून बघितली, त्यावर ते काहीच बोलले नाहीत, फक्त सकाळी ती परत देवघरात होती. शेवटी मीच बदलले. मशीन उशापासून उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवलं, म्हणजे त्याचं तोंड रस्त्याकडे आणि माझे कान दाराकडे, आवाज चाळीसच्या थोडा वर, आणि दोन्ही खोल्यांची दारं उघडी. एसी लावायचा प्रश्नच मिटला, त्यामुळे बिलही कमी येतं. ट्रेलर अधूनमधून ऐकू येतात. टँकर बरेचदा येतो. झोप पहिल्यासारखी सलग नाही पण बरी आहे, सहा तास होतात.

बाबांनी पुन्हा हाक मारली नाहीये. पण ते रात्री पाणी प्यायला उठले की स्टीलचं भांडं फिल्टरला टेकतं, तेवढ्याने मला आता जाग येते. मग मी ते परत जाऊन पडेपर्यंत ऐकते. पलंग करकरला की झोपते.

मागच्या आठवड्यात पाऊस नाही, वारा नाही, आणि रात्री तीनच्या सुमारास लाईट गेली. मला कळलं ते आवाजाने, म्हणजे न येण्याने. आधी मशीन गप्प झालं, मग पंखा हळूहळू. टॉवरचा जनरेटर सुरू व्हायला अर्धा-एक मिनिट जातं. तेवढ्या वेळात रस्त्यावरही नेमकं काही नव्हतं, आणि किचनच्या खिडकीतून, येऊरच्या बाजूने, रातकिडे ऐकू आले. खूप होते. बारा वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकले असतील.

नवरा घोरत होता. भिंतीपलीकडे पलंग करकरला.

"लाईट गेली का गं?"

"हो बाबा."

थोडा वेळ काहीच नाही. मग,

"पाणी भरून ठेवलंयस ना?"

मी म्हटलं, भरलंय. दोन बादल्या आणि तुमचा तांब्याचा हंडा.

"मग झोप," म्हणाले, आणि खाली जनरेटर सुरू झाला.